आत्याच्या उपासाला आलेला फराळ

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण बाकीच्यांना दुसरं काहीतरी येतं. कुणी पेटी वाजवतं, कुणाचा केक चांगला फुगतो, एक चुलतभाऊ तर बंद पडलेली घड्याळं चालू करतो. मला फक्त बोलता येतं. नाताळाची जेवणं झाली, पोटं जड झाली, की भाचरं म्हणतात, "आत्याआजीची सांग." मी सांगते. पण खरं सांगायचं तर ती गोष्ट मलाच अजून पुरती कळलेली नाही. सांगता सांगता एखाद्या नाताळात कळेल, या आशेवर मी दर वर्षी सांगत आले आहे. अजून कळलेली नाही, म्हणून यंदा लिहून बघते.

आत्या म्हणजे माझ्या पपांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. पुण्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, चांगली पक्की नोकरी होती. ती सोडून मुळशीत, लवळ्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका गावात जाऊन राहिली. का गेली, हे तिनं कुणाला धड सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "तिथं कुणी नव्हतं." पपा म्हणायचे, "कुणी नाही अशी जगात पुष्कळ गावं आहेत. तुला हेच बरं सापडलं?" त्यावर ती हसायची आणि विषय बदलायची.

दर नाताळाला ती घरी यायची, आणि दर नाताळाला तिच्या गळ्याची हाडं जरा जास्त दिसायची. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, म्हणजे साठ सालाच्या अलीकडची, त्या नाताळात ती जेवून उठली आणि तिनं टेबलाची कड धरली. क्षणभरच. पण पपांनी पाहिलं. त्यांनी परस्पर दवाखान्यात जाऊन मेट्रनबाईंना विचारलं, हिला परत घ्यायला नर्सची जागा आहे का. जागा होती. आता प्रश्न एवढाच उरला की हिला आणायची कशी. पपांच्या मनानं ती तिथं उपाशी मरत होती. ती म्हणत होती, "मी उत्तम आहे." तेव्हा कुणीतरी तिथं जाऊन, राहून, डोळ्यांनी बघून यायला हवं होतं, की ही बाई जेवते की नाही. 'नाही' असं ठरलं, की पपा जाऊन तिला घेऊन येणार.

घरात रिकामं कोण, तर मी. मॅट्रिकला गणितानं मला दुसऱ्यांदा अडवलं होतं आणि तिसऱ्यांदा बसवायची घरात कुणाची छाती होत नव्हती. "हिला पाठवू," पपा म्हणाले, "खाण्यातलं हिला कळतं."

पौडच्या रस्त्याला एस.टी.तून उतरले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन चालत निघाले. वेशीपाशी एक म्हातारा बसला होता. आमच्या ख्रिस्ती घरांतून एकमेकांना सलाम करायची रीत आहे. सवयीनं मी म्हटलं, "सलाम." तो म्हातारा पलटणीतून आलेला निघाला. काठी टाकून, टाचा जुळवून त्यानं मला असा कडक सलाम ठोकला की माझ्या डोक्यावरची ट्रंक पडता पडता राहिली. "कुनाची गं तू?" त्यानं मग विचारलं. नर्सबाईंची भाची म्हटल्यावर म्हणाला, "मंग एवडी धडधाकट कशी?"

म्हणजे आत्याच्या हाडांची चौकशी गावातही चालू होती.

आत्याची खोली पाटलांच्या गोठ्यामागं होती. एक खोली, एक पडवी. पडवीत दवाखाना. एका फळीवर आयोडीन, खरजेचं मलम, हिवतापाच्या गोळ्या आणि कशालाही लावायचं ते जांभळं औषध. गावातली निम्मी पोरं कायम कुठं ना कुठं जांभळी असत. खोलीत एक खाट, एक पेटी, भिंतीला लाकडाचा साधा क्रूस आणि कोपऱ्यात चूल. माझी नजर चुलीवर. पपांनी मला त्याचसाठी पाठवलं होतं.

आमचा लेंटचा काळ सुरू झाला होता. प्रभूच्या दुःखसहनाची आठवण म्हणून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस आमच्यात पाळतात. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मी त्या वर्षी गणित सोडलं होतं. आत्या काय सोडते याची मी टेहळणी करत होते. पहिल्या दिवशी पाहिलं, सकाळी तिनं चूल पेटवली नाही. सुया उकळायचा वातीचा स्टोव्ह होता, त्यावर माझ्यापुरता चहा केला. मला आदल्या संध्याकाळची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. स्वतः पाणी प्यायली. दुपारी कुठंतरी गेली, आली ती तशीच. संध्याकाळी मात्र चूल पेटली, भात झाला, आमटी झाली आणि भाकऱ्याही पुष्कळ थापल्या. ती जेवली. व्यवस्थित जेवली. मी मनात लिहून घेतलं, एक वेळ जेवते. पण रात्री झाकून ठेवलेल्या भाकऱ्या मी माझी न्याहारी केल्यावरही चार उरत होत्या, आणि दुपारी दुरडीत काही नसायचं. त्या जात होत्या कुठं? मी खात नव्हते. म्हणजे खाल्ल्या असत्या, पण माझ्या हाती लागण्याआधीच जात होत्या.

पण माझ्या आधी हे कोडं हेरलं पाटलीणबाईंनी. त्या म्हणजे घरमालकीण. उंच्यापुऱ्या, आवाज असा की गोठ्यातली म्हैस त्यांच्या हाकेला ओ द्यायची. एके सकाळी त्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"नर्सबाई, तुमचा सकाळचा धूर दिसंना."

"धूर?" आत्या म्हणाली.

"कौलातनं येतो त्यो. समद्यांचा दिसतुया, तुमचा न्हाई. लाकडं संपली का? सांगा की."

"लाकडं आहेत. असंच."

पाटलीणबाई माझ्याकडं वळल्या. "पोरी, तू सांग. उपास हाय व्हय?"

मी आत्याकडं पाहिलं, आत्यानं जमिनीकडं. आम्ही दोघी गप्प. गप्प राहणं म्हणजे 'होय', हे साऱ्या मुळशी तालुक्याला ठाऊक असावं.

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय!" त्या खाली बसल्याच. "कुटल्या देवाचा?"

"प्रभूचा," आत्या म्हणाली.

"किती दीस?"

"चाळीस."

पाटलीणबाईंनी गालाला हात लावला. चतुर्थी, एकादशी, सोमवार, श्रावण अशा सगळ्या इयत्ता पार केलेली ती बाई. पण चाळीस म्हटल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते मी गणिताच्या पेपरपुढं आरशात पाहिलेलं होतं. "आन चालतं काय काय?"

आत्याला खोटं बोलता येत नसे. हा तिचा एक मोठा दोष. "चालतं, न चालतं असं काही नसतं. मी फक्त एक वेळचं जेवत नाही."

"मंजी वरी चालंल," पाटलीणबाई म्हणाल्या आणि उठल्या.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर भाचरं नेहमी इथंच चुकतात. आमच्यात उपास लपवायचा असतो. तोंड धुवावं, केस विंचरावेत, हसतमुखानं वावरावं, तुम्ही आणि देव सोडून तिसऱ्याला पत्ता लागू नये, अशी आमची शिकवण. पाटलीणबाईंच्यात उपास लपवायचा नसतो, सांभाळायचा असतो. आणि सांभाळायचा तो एकटीनं नाही. एका घरात उपास असला की साऱ्या आळीला तो ठाऊक असतो. उपासकरणीला रिकामी ठेवणं हा आळीचा कमीपणा. दोन्ही रिती आपापल्या जागी शहाण्या. पण त्या एका पडवीत एकत्र आल्या की काय होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

वरीचा भात आला. डोंगरउताराच्या वरीचा, मऊ, वर तुपाची धार. शेंगदाण्याची आमटी आली, उकडलेली रताळी आली, ताकाचं गाडगं आलं. एवढं पाटलीणबाईंचं. तिसऱ्या दिवसापर्यंत बातमी खालच्या आळीला गेली. वेशीवरच्या पलटणीतल्या म्हाताऱ्याची सून राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली. कुणी काकडी आणली, कुणी केळी. ज्यांच्या घरात काही नव्हतं त्यांनी मूठभर शेंगा आणून पडवीच्या कडेला ठेवल्या आणि हात जोडले. आत्या कसनुशी झाली. "अहो, मला कशाला हात जोडता?" तर ती बाई म्हणाली, "तुमाला न्हाई, उपासाला."

आत्या त्या भांड्यांपुढं बसून राहिली. मी म्हटलं, "आत्या, नको म्हण की."

"कसं म्हणू?" ती हळू म्हणाली. "मी आले तेव्हा ह्याच पाटलीणबाई मला घागरीला हात लावू देत नव्हत्या. पहिल्यांदा माझ्या हातचा चहा प्यायल्या त्याला पुरतं वर्ष लागलं. आता त्या स्वतः ताट घेऊन आल्या, तर मी परत लावू?"

म्हणून ती पाटलीणबाईंच्या देखत एक घास घ्यायची. फक्त एक. मग "नंतर खाते" म्हणून झाकून ठेवायची. पाटलीणबाई गेल्या, की त्यातलं थोडं मला वाढायची, बाकीचं आपल्या डब्यात भरायची आणि एका बाळंतिणीला बघायचंय म्हणून डोंगराकडं निघायची. मी वरीच्या भाताला न्याय देत मागं बसायची. उपास आत्याचा होता, अंगाला माझ्या लागत होता. शिमग्याला पुरणपोळी आली, तीही मी आत्याच्या वतीनं खाल्ली. पपांना मी काय सांगणार होते? इथं खायला इतकं आहे की मला चोळी सैल करावी लागली, आणि आत्या मात्र होती तशीच आहे?

शेवटी मला राहवेना. एका दुपारी म्हटलं, "मीही येते बाळंतीण बघायला." वाटलं, ती टाळेल. ती म्हणाली, "चल की. डबा तू घे."

चढ असा की माझ्या पोटातली वरी माझ्याशी भांडू लागली. आत्या पुढं, मी मागं, मधून मधून "आत्या, तो बघ कसला पक्षी," असं म्हणत थांबायची. पक्षी नसायचा. ती पक्षी न शोधताच थांबायची. खालच्या खाचरांत लोकांनी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला होता, त्याचा धूर वर येत होता. वरच्या टेपाडावर कातकऱ्यांची वाडी, कारवीच्या कुडांच्या थोड्याशा झोपड्या. त्यातल्या एकीत ती मुलगी होती. मुलगीच, माझ्याएवढी असेल. नवरा कोळशाच्या भट्टीवर दूर गेलेला. शेजारी फडक्यात एक मूल, इतकं लहान की मला आधी ते मांजराचं पिल्लू वाटलं. ते रडतही नव्हतं. तोंड उघडायचं, पण आवाज निघायचा नाही.

आत्यानं डबा उघडला आणि तिच्यासमोर बसली. ती मुलगी लाजत होती. आत्या म्हणाली, "मी बघत बसणार. संपल्याशिवाय उठणार नाही." ती खाऊ लागली. आत्या खरोखर बघत बसली, एकेक घास, जणू परीक्षेत पोराला पेपर लिहिताना बघावं तसं. मग मला कळलं की दुरडीतल्या त्या भाकऱ्या कुठं जात होत्या. फराळ सुरू व्हायच्या आधीपासून आत्याचं सकाळचं जेवण रोज हा डोंगर चढत होतं. आईला दूध नव्हतं, कारण आईला अन्न नव्हतं. औषध फळीवर असतं तर आत्यानं तेच दिलं असतं.

उतरताना मी म्हटलं, "आत्या, जास्त शिजव आणि दोघी खा. तूही खा, तिलाही दे. उपाशी कशाला राहायचं?"

"मग मी दिलं काय? उरलेलं?" ती म्हणाली. जरा पुढं जाऊन हसली. "पण आता बघ ना. आता तर मी पाटलीणबाईंचंच देते. माझं त्यात काहीच नाही."

"त्यांना सांगितलंस का, फराळ इथं येतो म्हणून?"

ती थांबली. आता खरोखरच एक पक्षी होता, पण आम्ही दोघींनीही तिकडं पाहिलं नाही. "नाही. सांगितलं तर रागावतील, बंद करतील. कातकऱ्याच्या झोपडीत आपला उपासाचा फराळ, गावाला रुचायचं नाही. बाळाच्या नरड्यातनं आवाज फुटू दे. मग सांगीन, मग काय ते होऊ दे."

त्या दिवसापासून मी दोन गोष्टींची वाट बघत होते. एक, बाळाच्या आवाजाची आणि दुसरी, पपांच्या येण्याची. कोणती आधी येते यावर आत्याचं इथं राहणं ठरणार, असं उगाचच मला वाटू लागलं होतं. मी आत्याकडं बघत बसायची. ती जखम धुताना, कुणाच्या पोराला जांभळं करताना, सकाळी गुडघे टेकताना. तिला वाईट वाटत असेल का? भूक लागत असेल का? एकदा विचारलंही. ती म्हणाली, "लागते की. भरपूर. तुझ्यासमोर बसून तर जास्तच लागते."

झावळ्यांचा रविवार आला, ईस्टरच्या आधीचा. नेमकी त्या दिवशी एकादशी पडली होती. सकाळी आम्ही दोघींनी खोलीतच उपासना केली. आत्यानं शिंदीच्या झाडाची एक झावळी तोडून आणली होती. तेवढ्यात पाटलीणबाईंचा फराळ आला. एकादशीचा म्हणून खास देवापुढच्या नैवेद्याच्या पितळी डब्यात. त्याच वेळी खालच्या आळीतून कुणी ओरडत आलं, पोराचा हात भाजलाय. आत्या धावली. आल्यावर वेळ झाला होता म्हणून तिनं अन्न आपल्या डब्यात काढलं नाही. तोच डबा घेऊन डोंगर चढली आणि भाजलेल्या पोराकडं परतायचं म्हणून तिकडंच ठेवून आली.

दुपारी पपा आले. देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, उपासना आटोपून थेट एस.टी. पकडली होती, अंगात रविवारचा कोट तसाच. "सलाम, दादा," आत्या म्हणाली. पपा थेट कोपऱ्याकडं गेले. चुलीत हात घातला. थंड.

"सकाळी काय खाल्लंस?"

"दादा, आधी बस तर."

पपा खाटेवर बसले. "मेट्रनबाईंशी बोललो आहे. तुझी खोलीही तीच मिळेल. तू काय म्हणतेस ते मला ऐकायचं नाही, तू नेहमी उत्तम असतेस." मग माझ्याकडं वळले. "तू सांग. खाते की नाही?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही, कारण त्याच क्षणी पडवीत तो आवाज आला, म्हशीला उठवणारा.

"नर्सबाई! ह्ये काय म्हनायचं?"

पाटलीणबाई आत आल्या. हातात तो पितळी डबा, चांगला राखेनं घासलेला, लखलखीत. त्यांनी आमच्यासमोर झाकण काढलं. आतून एक नांगी बाहेर आली, हवेत चाचपली, मग दुसरी. डबा खेकड्यांनी भरलेला होता. एक कडेवरून सटकून धपकन खाली पडला आणि आडवा आडवा चालत आत्याच्या पेटीखाली गेला. पपांनी दोन्ही पाय बुटांसकट खाटेवर घेतले.

"आज एकादस! देवाच्या भांड्यात खेकडं! दारात पावनं बसल्यात आन म्या झाकन काडलं!"

"कुणी दिलं तुम्हाला?" आत्यानं विचारलं.

"त्या वरच्या वाडीतली. पोरगं काखंत मारून आली. लावनीला येती आमच्यात, माझं भांडं वळीखती. म्हनली, मालकीन, तुमचं भांडं. रिकामं कसं द्यावं, म्हनून दोन खेकडं घातल्यात."

रिकामं भांडं परत देऊ नये, ही रीत वाडीतही तीच होती. तिच्याकडं जे होतं ते तिनं घातलं होतं.

आत्या उभी राहिली. "ती आली? स्वतः?"

"मंग काय, पाल्कीतनं?"

"चालत? डोंगर उतरून?"

"व्हय!"

"बाळ घेऊन? रडत होतं का बाळ?"

"रडत? बोंबलत हुतं! आक्की आळी गोळा झाली. आवं, पर खेकडं..."

आत्या मटकन खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं हसते आहे. मग दिसलं की रडते आहे. मग बघितलं तर दोन्ही. आत्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पपांनीही नसावं, कारण त्यांनी पाय खाली सोडले, खेकड्याचा विचार न करता.

पाटलीणबाई गांगरल्या. "आवं, म्या भांडाया आले. तुमी रडताय काय? मी आता भांडू कुनासंगं?"

मग आत्यानं सगळं सांगितलं. बाळंतीण, दूध, फराळ. पाटलीणबाई ऐकत होत्या. चेहरा काही कळू देत नव्हता.

"मंजी आमचा फराळ तितं जातुया."

"हो."

"कवाधरनं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन तुमी?"

"एक घास. तुमच्यासमोर घेते तो."

"आन ही?" बोट माझ्याकडं.

"ती जेवते."

"त्ये दिसतंच हाय," पाटलीणबाई म्हणाल्या.

पपा उठले. कोट सारखा केला. आवाज अगदी देवळातला काढला. "बाई, माझ्या बहिणीमुळं तुमच्या देवधर्माला त्रास झाला. माफ करा. मी हिला आजच घेऊन जातो."

"कुनाला?"

"हिला. माझ्या बहिणीला. पुण्याला."

पाटलीणबाईंनी डबा खाली ठेवला, झाकण लावलं, झाकणावर पाटा ठेवला. मग कमरेवर हात. "उपासात? उपास पुरा झाल्याबिगर? आवं, तुमी शिकल्यालं दिसताय. उपासकरनीला मदीच उठवत्यात का कुटं? आन माझी सून दिवसांत हाय, तिला काय तुमी बगनार हाय?"

"पण तुमचंच आत्ता भांडण..."

"भांडान माजं आन तिचं हाय. त्ये मी भांडीन, निवांत. तुमी मदी पडू नका."

आणि त्या खरोखर भांडायला बसल्या. मला ते भांडण इतकं आवडलं की सांगता सोय नाही. नर्सबाईंनी हे लपवलं का? आम्ही काय माणसं नाही? खायला दिलेलं कुणाला द्यावं हे देणाऱ्याला विचारायचं नाही? आणि एक घास घेऊन सगळं खाल्ल्यासारखं करायचं, हा कसला उपास? आत्या प्रत्येक प्रश्नाला "चुकलं" म्हणत होती. शेवटी पाटलीणबाईंचे प्रश्न संपले. त्यांनी निकाल दिला. "उद्यापासनं मी दोन वाटं करीन. तुमचा तुमी माझ्यासमूर खायाचा, समदा. तिचा येगळा, पानावर. माजं भांडं वर न्यायचं न्हाई."

ते 'पानावर' आत्याला लागलं. मला दिसलं. पण ती म्हणाली, "बरं." बाळाला भांडं काय आणि पान काय. भांड्याचं भांडण ती पुढं भांडली आणि त्याला काही वर्षं लागली, पण त्या दिवशी ती "बरं" म्हणाली.

पाटलीणबाई गेल्यावर पपा पुन्हा खाटेवर बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तू येणार नाहीस."

"नाही, दादा."

"मला एवढंच कळत नाही, की देवाला तुझी ही उपासमार हवी आहे का?"

"देवाला काय हवं ते मला तरी कुठं सगळं कळतं?" आत्या म्हणाली. तिनं डोळे पुसले. "मी इथं आले ते देण्यासाठी. पुष्कळ सोडलं, म्हटलं आता सगळं सोडू. तर ही माणसं सोडू देत नाहीत. मी एक घास सोडला की चार घास दारात. आता उद्यापासनं समोर बसून खावं लागणार, बघ. घ्यायला मी शिकलेच नव्हते. देण्यापेक्षा ते अवघड आहे, दादा. फार अवघड आहे."

पपांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला पाठवलं होतं बघायला. सांग."

"खात नाही, पपा," मी म्हटलं. खरं ते सांगणं भाग होतं. "पण न्यायची नाही."

"का?"

ते मला सांगता आलं नाही. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या मुलीला कुणी 'का' विचारू नये. मी नुसती मान हलवत राहिले. पण पपांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही निघालो तेव्हा पाटलीणबाई ओसरीवर उभ्या होत्या. पपांनी हात जोडले. "हिला सांभाळा."

"ती आमास्नी सांभाळती," त्या म्हणाल्या. "तुमी ह्या पोरीला न्या. फराळ पुरंना."

अशा रीतीनं पपा एकीला न्यायला आले आणि एकीला घेऊन गेले. आत्या वेशीपर्यंत आली. म्हातारा तिथं होताच. त्यानं पपांना सलाम ठोकला आणि पपांनीही, काय वाटलं कोण जाणे, तसाच कडक परत केला.

गाडीत बरीच गर्दी होती. मला खिडकी मिळाली. सूसच्या टेकड्या मागं पडल्या. मग पपा म्हणाले, "घरी काय सांगायचं?"

"खरं ते."

"खरं काय आहे?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होते, जणू मला ठाऊक असेल असं समजून. मला कुणी असं काही आजवर विचारलं नव्हतं. मी विचार केला. ती मुलगी आठवली, घासामागून घास खाणारी, आणि समोर बसून बघणारी आत्या. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते उपाशी माणसाचं नव्हतं. कशाचं होतं, ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं, आताही येत नाही.

"ती येणार नाही," मी म्हटलं. "एवढंच मला ठाऊक आहे."

पपांनी मान हलवली. "मग तेवढंच सांगू."